हैज्याच्या साली दहा माणसं

मी नोकरीभर लोकांच्या विहिरींत पावडर टाकली आणि लोकांच्या दंडांत सुई. दोन्हींबद्दल कोणी कधी आभार मानल्याचं आठवत नाही. विहिरीत पावडर पडली की आठवडाभर चहाला वास येतो आणि सुई टोचली की दोन दिवस हात वर होत नाही. पटकी झाली नाही, तर ती झाली नाही हे कोणाला दिसत नाही. न झालेल्या रोगाचं श्रेय कोण देणार? सॅनिटरी इन्स्पेक्टरच्या नोकरीतली मेख हीच. काम फसलं तर अख्ख्या गावाला कळतं, जमलं तर फक्त चहा नासतो.

माझी बरीचशी नोकरी बुलढाणा जिल्ह्यात गेली. पटकीला तिकडे हैजा म्हणतात आणि मला म्हणत 'सुईवाले साहेब'. सॅमसन कोर्लेकर हे नाव खेड्यात कोणाच्या तोंडी बसलं नाही. "साहेब, तुमी कोन लोक?" असं कोणी विचारलं की मी "इस्राएल", म्हणजे ज्यू, म्हणून सांगत असे. आमचे पूर्वज कोकणात तेलाचे घाणे चालवत, शनिवारी घाणा बंद ठेवत, म्हणून त्यांना शनवार तेली म्हणत, हेही सांगून पाहिलं. पण इस्राएल ही आरोग्य खात्याचीच एखादी शाखा असावी, असा बऱ्याच गावांनी आपापला समज करून घेतला होता. मी तो मोडला नाही.

गिऱ्हाईकं एकेक नामी होती. लोणारला एक गृहस्थ मला सरोवराच्या काठावर घेऊन गेले आणि म्हणाले, "हे पाहा साहेब. या खाऱ्या पान्यात मासोळी जगत नाही, तं तुमचा जंतू जगन काय? मी रोज एक चूळ भरतो. मले सुई कायले?" साथीत धाड गावचा आठवडी बाजार बंद करायला गेलो, तर बाजार वेशीबाहेरच्या वावरात भरलेला. सरपंच मिरच्यांच्या ढिगाआड उभे राहून म्हणाले, "बंदी धाडच्या बाजाराले हाय. हा शिवारातला बाजार हाय." एका गावात तर टोचल्याची चिठ्ठी असल्याशिवाय एसटीत घेत नसत म्हणून एक पहिलवान गावातल्या भित्र्या लोकांच्या नावाने स्वतः टोचून घेत होता. चौथ्या नावाला तो चक्कर येऊन पडला तेव्हा कळलं.

पण आज सांगायची आहे ती आमच्याच लोकांची गोष्ट.

महाराष्ट्र राज्य होऊन थोडीच वर्षं झाली होती. मी मलकापूरला होतो. रेल्वेमुळे त्या भागात आमची काही घरं होती. कोणी गार्ड, कोणी तारबाबू, कोणी ओव्हरसियर, कोणी दवाखान्यात कंपाउंडर. सिनेगॉग नव्हतं. सणावाराला एलिजामामांच्या घरी जमायचं. हे एलिजामामा म्हणजे रिटायर झालेले गार्ड, माझ्या बायकोचे, फ्लोराचे, सख्खे मामा. हिब्रू प्रार्थना त्यांना मुखोद्गत होत्या आणि आवाज असा की मालगाडीच्या शेवटच्या डब्यातून इंजिनापर्यंत ऐकू जावा. तेच आमचे हज्जान, म्हणजे प्रार्थना चालवणारे.

आमच्यात एक अडचणीचा नियम आहे. माणूस एकटा घरी बसून देवाचं नाव घेऊ शकतो, पण काही प्रार्थना दहा पुरुष जमल्याशिवाय म्हणताच येत नाहीत. गेलेल्या माणसासाठी म्हणायची कद्दीश ही त्यातली. नऊ रब्बी, म्हणजे धर्मगुरू, असले तरी चालत नाही, दहा हमाल असले तरी चालतं. आम्ही त्या पट्ट्यात मोजून दहा होतो. कोणाची बदली झाली की प्रार्थनेवर गदा यायची. रेल्वेच्या बदल्यांची यादी लागली की मामा ती आपल्या मुलाबाळांच्या परीक्षेचा निकाल असल्यासारखी वाचायचे.

त्या साली पावसाळ्याअखेर हैजा आला. दूरच्या देशांतून बंदरोबंदर फिरत आलेली ती साथ होती. वरून हुकूम आला: जत्रा बंद, बाजार बंद, सप्ताह बंद, पंगती बंद. हुकूम वरून येतो, पण तो लोकांना तोंडावर सांगणारा खालचा असतो, आणि तो मी होतो. मी उरूस थांबवला. बारशाचं जेवण थांबवलं. सखारामबुवांच्या भजनी मंडळाचा सप्ताह ऐन उभारणीला थांबवला, तेव्हा बुवा मृदंग खाली ठेवून एवढंच म्हणाले, "ठीक हाय साहेब. तुमच्यातबी सन असतीनच."

माझा शिपाई गुलाबराव सायकलवर मागे औषधाची पेटी बांधता बांधता म्हणाला, "साहेब, हा मानूस तुमच्या सनाची वाट पाहून राह्यला बरं."

आणि सण आलाच. दारफाळणीचा सण, आमच्या वर्षातला सर्वांत मोठा उपास. एका संध्याकाळपासून दुसऱ्या संध्याकाळपर्यंत अन्न नाही, पाण्याचा थेंब नाही, पांढरे कपडे घालून दिवसभर प्रार्थना. मामांची बायको, सरूमामी, त्याच वर्षी गेली होती. तिच्यानंतरची ही पहिली दारफाळणी. मामांना तिच्या नावाने कद्दीश म्हणायची होती.

ते घरी आले, टोपी काढली नाही, बसले नाहीत. "यंदा कापसाच्या जिनाच्या आवारात करू," म्हणाले. "माझ्या घरात सरूची खुर्ची आहे. तिथे नको."

"मामा, यंदा कुठेच नाही. बंदी आहे."

"बंदी कोणी घातली?"

"सरकारने."

"सांगितली कोणी?"

"मी."

मामांनी मला खालपासून वरपर्यंत पाहिलं. "तू इस्राएल आहेस की इन्स्पेक्टर?"

फ्लोरा चुलीपाशी होती. ती म्हणाली, "सकाळी इन्स्पेक्टर असतात, रात्री खोकतात. इस्राएल व्हायला त्यांना वेळ कुठे मिळतो?"

मामा हसले नाहीत. दाराशी जाऊन नुसते म्हणाले, "तिने चाळीस वर्षं माझा डबा भरला रे. मला तिच्यासाठी पाच मिनिटं पाहिजेत. पण दहा माणसांची."

मी दुसऱ्या दिवशी डॉक्टरांकडे गेलो. आमचे डॉक्टर कडक होते; त्यांनी स्वतःच्या आईला पुरणाचा नैवेद्य शेजारी वाटू दिला नव्हता. मी अवघडत विषय काढला.

"जेवण काय असतं?" त्यांनी पहिला प्रश्न विचारला.

"काही नाही. उपास."

"म्हणजे साबुदाणा, शेंगदाणे, केळी?"

"नाही. काहीच नाही."

"पाणी?"

"तेही नाही. दुसऱ्या संध्याकाळपर्यंत."

डॉक्टरांनी लेखणी खाली ठेवली. "माणसं जमतात आणि दिवसभर खात नाहीत, पीत नाहीत?"

"हो."

"कोर्लेकर, अहो, हैज्याच्या साथीत याच्याइतका उत्तम समारंभ नाही! सगळ्यांनी असे सण केले तर आपलं खातं बंद करावं लागेल." त्यांनी परवानगी दिली. अटी तीन. उघड्यावर बसायचं, लांब लांब बसायचं, आणि प्रत्येकाला लस टोचलेली पाहिजे.

तिसऱ्या अटीवर गाडी अडली, कारण मामा सुईला घाबरत. उभ्या आयुष्यात त्यांनी वाघांच्या रानातून रात्रीच्या गाड्या नेल्या, पण सुईचं नाव काढलं की त्यांना महत्त्वाचं काम आठवे. मी पेटी घेऊन गेलो तर ते मागच्या दाराने स्टेशनवर गेले. स्टेशनवर गेलो तर हमालांनी सांगितलं, "मामासाहेब पार्सल हापिसात लपून बसले, पन आमी सांगतलं म्हनून सांगू नका."

पार्सलच्या गाठोड्यांमागून त्यांनी मला धर्म सांगितला. "देवाने दिलेल्या अंगाला भोक पाडणं आपल्यात मना आहे."

माझ्यामागून फ्लोरा आली होती. "मामा," ती म्हणाली, "आणि आपल्यात मुलाची सुंता करतात, ती काय फुंकर मारून?"

हमाल हसता हसता पोत्यांवर लोळले. मामा बाहेर आले. त्यांनी बाही वर केली. डोळे मिटून ते काहीतरी पुटपुटत होते. मला फक्त "सरू" एवढं ऐकू आलं. सुई झाली तरी त्यांनी डोळे उघडले नाहीत. "कधी टोचणार?" म्हणाले. झालं म्हटल्यावर त्यांनी हमालांकडे वळून असा काही दम भरला की सगळे हमाल रांगेत उभे राहिले. त्यानंतर स्टेशनवर मला कोणाच्या मागे पळावं लागलं नाही.

दारफाळणीच्या संध्याकाळी जिनाच्या आवारात आम्ही जमलो. कापसाचा हंगाम सुरू व्हायचा होता, आवार मोकळं होतं. दहावा माणूस, नांदुऱ्याचा तारबाबू डॅनियल, शेवटी धावतपळत आला आणि दोन्ही दंड धरून खाली बसला. त्याने नांदुऱ्याला टोचून घेतलं होतं, पण चिठ्ठी घरी राहिली. मलकापूरच्या फलाटावर गुलाबराव उभा. डॅनियलने परोपरीने सांगितलं की तो साहेबांच्याच सणाला चालला आहे. गुलाबराव म्हणाला, "साहेबाचा मानूस असन तं मले आनखी ध्यान द्या लागते," आणि कंपाउंडरकडून त्याचा दुसरा दंड टोचून घेतला. डॅनियलला प्रार्थनेची शालही दुसऱ्याने पांघरवावी लागली.

सकाळी पाहतो तो आवाराच्या भिंतीवर सखारामबुवा आणि त्यांची मंडळी ओळीने बसलेली. आमच्यात कोण खातं, कोण पितं, कोण जवळ सरकतं, हे पाहायला ते आले होते. दुपारपर्यंत कोणी काही खाल्लं नाही. बुवांचाच एक टाळकरी भुकेने घरी गेला.

दुपार कलताना जीप आली. गुलाबराव उतरला आणि आवाराच्या तोंडाशीच थांबला. "साहेब, वडनेर भोलजीले एका बाईले हैजा लागला. डॉक्टरसाहेब जीपीत बसून हायेत. विहिरीचं पाहा लागन. तुमाले बलावलं."

मी उभा राहिलो आणि तसाच राहिलो. मी गेलो तर नऊ. कद्दीश शेवटच्या प्रार्थनेत, सूर्य मावळताना. मी मामांकडे पाहिलं. ते पुस्तकातून डोळे न काढता म्हणाले, "काय पाहतोस? जीव जात असला तर दारफाळणी मोडायची, हा आपलाच कायदा आहे. जा." मग हळूच, "जमलं तर सूर्य असताना ये."

वडनेरला ती बाई ओसरीवर पडली होती. तरणी होती; शेतातून आली आणि सकाळपासून उलट्या-जुलाबांनी तिची घडी झाली होती. डोळे खोल गेलेले, हात गार. डॉक्टरांनी तिला तिथेच सलाइन लावायला घेतलं, पण दवाखान्यात नेणं भाग होतं, आणि दारात तिची सासू आडवी बसलेली.

"नाही नेऊ देनार. दवाखान्यात गेलेलं मानूस वापस येते काय? माहा नवरा गेला तो आलाच नाही."

डॉक्टरांनी समजावलं, नवऱ्याने हात जोडले. म्हातारी हलेना. मी तिच्याजवळ उकिडवा बसलो. माझे पांढरे कपडे पाहून ती म्हणाली, "हा कोन? कोनाच्या मातीले आला काय?"

"नाही मावशी. आज आमचा सण आहे. तो सोडून आलो. तुमची सून वाचावी म्हणून."

"सन हाय तं तोंड काऊन सुकलं?"

"उपास आहे. कालपासून पाणीही घेतलं नाही."

"निर्जळी?" म्हातारी सरळ झाली. "अन् असा उन्हातानात आला?" तिने माझ्याकडे निरखून पाहिलं, मग मुलाकडे. "निर्जळीवाला मानूस खोटं बोलत नसते. उठा. न्या तिले." आणि जीप हलताना मला दम दिला, "पन ते वापस आली पाहिजे. नाहीतं तुहा उपास तुलेच लागन."

डॉक्टर बाईला घेऊन गेले. मी मागे राहिलो, कारण माझं काम माणसाशी नसून पाण्याशी. पाणवठ्याच्या दोन विहिरींत पावडर टाकली, बाईचे कपडे उकळायला लावले, शेजारपाजारच्यांना टोचलं. संपलं तेव्हा सूर्य पार खाली आला होता. एसटी नव्हती. मी एकाची सायकल मागून घेतली आणि निघालो. निर्जळी उपासात मलकापूरपर्यंत सायकल मारणं हे धर्मात बसतं की नाही, हे मी अजून कोणाला विचारलेलं नाही. वाटेत एका वावराच्या बांधावर कोणी भाकऱ्या भाजत होतं. त्या वासाने मी सायकलवरून उतरलो, उभा राहिलो, मग स्वतःलाच शिव्या देत परत बसलो. सूर्य गेला तेव्हा मी मलकापूरच्या अलीकडेच होतो. संपलं, असं मनाशी म्हटलं आणि पायडल मारत राहिलो.

जिनापाशी आलो तो अंधारून आलं होतं. आतून मामांचा आवाज येत होता. बसला होता तो. फाटका, कोरडा, पण चालू.

काय घडलं ते फ्लोराने मला नंतर सांगितलं. सूर्य टेकला तशी मामांनी प्रार्थना लांबवायला सुरुवात केली. दोन ओळींचं पद ते पंधरा मिनिटं आळवायला लागले. भिंतीवरून सखारामबुवा म्हणाले, "हे चक्री भजन हाय काय? पुढं काऊन सरकत नाही?" एक माणूस कमी आहे, असं कोणीतरी त्यांना सांगितलं. बुवांना राहवलं नाही. भिंतीवरून उतरून ते म्हणाले, "एवढंच नं? मंग मी येतो दहावा. उभंच राह्याचं हाय, तं राह्यतो."

मामांनी पुस्तक छातीशी धरलं. "बुवा, तुमचे उपकार. पण आमच्यात दहावा व्हायला आधी एक लहानसं ऑपरेशन करावं लागतं."

बुवांनी ते कोणतं हे विचारलं. त्यांना कानात सांगण्यात आलं. बुवा आल्या पावली परत भिंतीवर जाऊन बसले.

फ्लोरा तेव्हा बायकांमधून मोठ्याने म्हणाली, "आम्ही पाच जणी कालपासून उपाशी बसलो आहोत. आम्हाला मोजायला कोणाचं बोट दुखतं?" यावर मामांनी तेच पद आणखी चढ्या सुरात धरलं. 

चांदण्या दिसल्या. उपास खरं म्हणजे संपला होता. डॅनियल म्हणाला, "मामा, आता उरकून टाकू. कद्दीश राहिली तर राहिली, पाणी तरी घेऊ."

मामा म्हणाले, "गार्ड मागे राहिला तर गाडी सुटत नाही." आणि पुन्हा पहिल्या ओळीपासून सुरुवात केली. कोणी उठलं नाही. भिंतीवरचेही उठले नाहीत.

मी आत आलो. फिनेलचा वास येत होता म्हणून फ्लोराने मला आधी हात-पाय-तोंड धुवायला लावलं. मी माझ्या जागी, लांब, उभा राहिलो. मामांनी बोटाने मोजलं नाही. आमच्यात माणसं बोटाने मोजत नाहीत. नुसती नजर फिरवली आणि पुस्तक मिटलं. कद्दीश त्यांना पाठ होती.

ज्या आवाजाला सगळं स्टेशन घाबरायचं, तो दोन शब्दांवर अडकला. पुन्हा सुरू झाला, पुन्हा अडकला. आम्ही नऊ जण थांबलो. मग ते सावकाश, एकेक शब्द पुढे नेत म्हणत गेले, आणि जिथे आम्ही "आमेन" म्हणायचं तिथे आमच्या मागून, भिंतीवरून, टिपेच्या सुरात बुवांच्या मंडळाचंही "आमेन" आलं. तिसऱ्या आमेनला त्यांनी आमच्यापेक्षा बरा सूर धरला होता.

शेवटी मामांनी शिंग फुंकलं आणि सण सुटला. फ्लोराने उकळून गार केलेल्या पाण्याचे ग्लास आणले. डॅनियलला दोन्ही हातांनी ग्लास उचलता येईना, त्याच्या बायकोने पाजलं. मी दोन ग्लास कधी संपवले कळलं नाही. मामा ग्लास हातात धरून तसेच बसले होते.

"घ्या ना, मामा," मी म्हटलं.

"ती वडनेरची बाई कशी आहे?"

"दवाखान्यात आहे. मला माहीत नाही अजून."

"मग माहीत करून घे."

मी जायला निघालो, तेवढ्यात दवाखान्याकडून गुलाबरावच सायकल हाणत आला. त्याने मला काही न विचारता सरळ मामांसमोर जाऊन सांगितलं, "बाईनं डोये उघडले, मामासाहेब. तीन बाटल्या चढल्या. आता चहा मागून राह्यली. नर्सबाईनं देला तं म्हने, साखर कमी हाय."

"साखर कमी?" मामा म्हणाले.

"हाव जी. वरून बडबड करून राह्यली."

मामांनी ग्लास कपाळाला लावला, क्षणभर तसाच धरला, आणि घटाघटा पाणी प्यायले.